क्रेट नंबर सातची कार्यक्षमता

गेल्या दिवाळीनंतर मी आमच्या कारखान्यात जाहीर केलं की यापुढे इथे माणसाने काहीही मोजायचं नाही, काहीही उघडून बघायचं नाही आणि काहीही लक्षात ठेवायचं नाही. सगळं कॉम्प्युटर करेल! तेव्हा आमची चौदा माणसं चहा पीत उभी होती. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, पण त्याचं कारण हातात कप होते हे मी समजून घेतलं.

कारखाना म्हणजे अंबडच्या एमआयडीसीतली मागच्या रांगेतली एक पत्र्याची शेड. विजेच्या बटणाच्या आत एक पितळी पट्टी आणि तिला एक बारीक स्क्रू असतो, तो माल आम्ही बनवतो. तुम्ही घरात दिवा लावता तेव्हा बोटाखाली 'टक' असा जो आवाज होतो ना, तो आमचा. निदान लग्नकार्यात ओळख करून देताना मी तसंच सांगतो.

आमचा सगळा माल सिन्नरच्या एका मोठ्या कंपनीला जातो. त्या कंपनीने कळवलं होतं, की जे पुरवठादार मार्चपर्यंत डिजिटल होणार नाहीत त्यांचं पुढच्या तीन वर्षांचं कंत्राट होणार नाही. कंत्राट गेलं असतं तर शेडमध्ये मी, चौदा माणसं आणि चहाचा थर्मास एवढंच उरलं असतं. आणि थर्मासही भाड्याचा आहे. म्हणून मी साईला बोलावलं.

साई हा सॉफ्टवेअरवाला. हुशार मुलगा, पण माणसाशी बोलताना तो स्क्रीनकडे बघतो. त्यामुळे तो आपल्याशी बोलतोय की कॉम्प्युटरशी, हे समजायला जरा वेळ लागतो.

"सर, तुमचे सुटे भाग असेंब्लीला कुठे जातात?" त्याने कॉम्प्युटरला विचारलं.

"मखमलाबादला," मी म्हणालो. "तिथल्या बायका घरी बसून पट्टीला स्क्रू लावतात. मळ्यातलं काम उरकलं की दुपारी बसतात."

"माल जातो कशात?"

"पोत्यात."

साईने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी निळ्या क्रेट आल्या! झाकणाच्या, चकचकीत, प्रत्येकीवर नंबर आणि आत चिप. गेटवर काटा बसला. काट्याच्या बाजूला भला मोठा टीव्ही लागला. वर एक यंत्र लागलं, जे कॉम्प्युटर सांगेल तेवढेच भाग क्रेटमध्ये सोडतं. शेडमध्ये चार सेन्सर लागले. मी प्रत्येकाला हार घातला. साईने ते काढायला लावले, कारण सेन्सरला समोरचं दिसेना.

"सिस्टिम सोपी आहे सर," साई म्हणाला. "निळी क्रेट भरून जाणार. तयार माल पिवळ्या क्रेटमधून येणार. निळी परत आली की फक्त काट्यावर ठेवायची. रिकाम्या क्रेटचं वजन सिस्टिमला माहीत आहे. वजन जास्त भरलं, तर तेवढे भाग न वापरता परत आले."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी सिस्टिम तेवढे भाग कमी भरते."

"पण आत उघडून बघायचं?"

"सर, उघडूनच बघायचं असेल तर सिस्टिम कशाला?"

बिनतोड मुद्दा होता. मी तो त्याच दिवशी शेजारच्या शेडच्या मालकाला स्वतःचा म्हणून ऐकवला.

पहिल्याच आठवड्यात टीव्हीवर आकडा आला. कार्यक्षमता १०४ टक्के!

"साई, कार्यक्षमता शंभराच्या वर जाते का रे?"

"सिस्टिम दाखवते म्हणजे जात असणार सर."

हिशेब असा होता. समजा शंभर किलो भाग गेले. त्यातले चार-पाच किलो न वापरता परत आले, आणि तरी शंभर किलोचा तयार माल पिवळ्या क्रेटमधून हजर! म्हणजे कमी मालात जास्त माल. सगळ्यात पुढे होती क्रेट नंबर सात. ही मखमलाबादच्या सिंधुबाईंकडे जायची. सिंधुबाई म्हणजे तिथल्या बायकांच्या पुढारी. त्या हो म्हणाल्या की गल्ली हो म्हणते. मी मनाशी म्हटलं, बाई जिद्दीची आहे, तंत्रज्ञानाला कसा प्रतिसाद देते बघा!

महिन्याभरात आकडा ११८ वर गेला. मी त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला लावला. उद्योजकांच्या बैठकीत मला बोलायला उभं केलं. 'मालाकडून विचाराकडे' या विषयावर मी बोललो. विषय मीच ठरवला होता आणि तो अजून मला नीट कळलेला नाही. लोकांनी मात्र माना डोलावल्या.

घरीसुद्धा फरक जाणवायला लागला. आमच्या मंजुषाने लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला कधी धड चांगलं म्हटलेलं नाही. ती एक दिवस म्हणाली, "अहो, हल्ली तुमच्यात फार सुधारणा झाली हं!"

"डिजिटल!" मी म्हणालो.

"काय असेल ते. कालची मेथी कसली कोवळी होती! आणि न सांगता!"

मेथीचा आणि माझा काय संबंध, ते मला कळलं नाही. पण बायको कौतुक करत असताना मध्येच शंका विचारणारा नवरा मी तरी बघितलेला नाही. मी मान खाली घालून जेवलो. त्या दिवसांत मी ताटात काय आहे ते बघतच नव्हतो. डावीकडे मोबाईल ठेवून टक्केवारी बघायचो. मेथी झाली, वांगी झाली, शेपू झाला, परत मेथी झाली. मी सगळं १२५ टक्के आनंदाने खाल्लं.

मग सिन्नरहून फोन आला. "जीवनराव, तुमचा माल कमी येतोय."

"शक्यच नाही," मी म्हणालो. "आमची कार्यक्षमता एकशे बत्तीस आहे."

"हो, पण मागच्या महिन्याच्या निम्माच माल आलाय."

"निम्मा आला असेल, पण केवढ्या कार्यक्षमतेने आलाय!"

 त्यावर ते म्हणाले की कंत्राटावर सही व्हायच्या आधी आमच्या आरोही मॅडम स्वतः येऊन तुमची सिस्टिम बघतील. मला आनंदच झाला. मी शेडला रंग दिला. थर्मास घासून घेतला.

आरोही मॅडम म्हणजे वयाने माझ्या मुलीएवढ्या. आवाज एकदम हळू. जोरात बोलणाऱ्या माणसांशी मी आयुष्यभर धंदा केला आहे, पण हळू बोलणाऱ्यांसमोर मी आपणहून भाव कमी करून टाकतो. त्या आल्या, चहा नको म्हणाल्या, बसणार नाही म्हणाल्या आणि सरळ गेटवरच्या काट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. माझी चौदा माणसं इस्त्रीचे कपडे घालून मागे उभी होती. साई टीव्हीकडे बघत उभा होता.

तेवढ्यात मखमलाबादचा टेम्पो आला. आमचा ड्रायव्हर लहानू उतरला. त्याच्या शेजारून, इरकली लुगडं नेसलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या सिंधुबाई उतरल्या. त्या कधीच कारखान्यात येत नाहीत. मला वाटलं, साक्षात क्रेट नंबर सात मॅडमना भेटायला आली. योग म्हणतात तो हाच!

"मॅडम, ह्याच त्या!" मी म्हणालो. "आमच्या सगळ्यात कार्यक्षम!"

सिंधुबाईंनी माझ्याकडे फार मायेने बघितलं. इतक्या मायेने, की मला जरा विचित्रच वाटलं.

लहानूने क्रेट नंबर तीन काट्यावर ठेवली. टीव्हीवर आकडा आला, सहाशे दहा भाग परत. अकरा नंबर ठेवली, नऊशे. मग त्याने सात नंबर पोटाशी धरून, कण्हत उतरवली आणि काट्यावर ठेवली. आकडा पळायला लागला. तो थांबला चार हजार आठशे साठवर!

"सर, रेकॉर्ड!" साई ओरडला. "सगळ्या क्रेट मिळून एकशे एकसष्ट टक्के!"

माझ्या माणसांनी या वेळी टाळ्या वाजवल्या. कप नव्हते.

"थांबा," आरोही मॅडम हळू म्हणाल्या. "काल या क्रेटमध्ये किती भाग भरले होते?"

साईने बघितलं. "तीन हजार."

"तीन हजार गेले, आणि चार हजार आठशे साठ परत आले?"

"हो!" मी म्हणालो.

"शिवाय तयार मालही आला?"

"तोही आला!"

"मग हे भाग तयार होतात कुठे?"

"मखमलाबादला," मी म्हणालो. म्हणताना मला पहिल्यांदाच ते वाक्य जरा तोकडं वाटलं.

"उघडा," मॅडम म्हणाल्या.

साई म्हणाला की उघडायची सिस्टिममध्ये सोय नाही. मॅडमनी स्वतः झाकण उचललं.

आत एक लाल भोपळा होता.

चांगला तब्येतीने वाढलेला, देठासकट, धुऊन पुसून ठेवलेला. बाकी काही नव्हतं. स्क्रू नाही, पट्टी नाही.  लहानू सवयीने पुढे झाला आणि भोपळा उचलून म्हणाला, "शेठ, हा वहिनींकडंच टाकू ना? रोजच्यासारखा?"

"रोजच्यासारखा म्हणजे?"

"म्हंजे रोज काट्यावरनं क्रेट उतरली का भाजी काढून तुमच्या घरी देतो ना. मोकळी क्रेट मशिनखाली लावतो."

"अरे, मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हीच म्हनले ना, काही बघायचं नाय, लक्षात ठेवायचं नाय," लहानू म्हणाला. "मी तर इसरूनच जायचो."

तीन नंबरमध्ये वांगी निघाली. अकरा नंबरमध्ये मुळे. आरोही मॅडमनी सगळं शांतपणे बघितलं आणि साईला विचारलं, "म्हणजे मुळे नऊशे?"

"हो मॅडम," साई म्हणाला. त्याचा आवाजसुद्धा हळू झाला होता.

मी सिंधुबाईंकडे वळलो. "बाई, हे काय? क्रेटमध्ये भाजी?"

"मंग?" सिंधुबाई म्हणाल्या. "पोतं होतं तवा गोष्ट निराळी. पोत्याला कोन इचारतंय? आता तुम्ही चांगलं झाकनाचं भांडं धाडाया लागले. लोकाचं भांडं मोकळं कसं परत लावायचं? म्हनून पहिल्यानं मी मेथीची जुडी टाकली. मंग शकुबाईनी बघितलं, तिनी वांगी टाकली. मंग समद्याच टाकाया लागल्या."

"बरं, पण जुडीवरून भोपळ्यावर कशा आलात?"

इथे सिंधुबाईंनी पदराने डोळे टिपले. त्या मॅडमकडे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काय सांगू ताई, शेठचं लय वाईट चाललंय! दर दिसाला माल कमी येतो. आधी क्रेट भरून यायची, मंग अर्धी आली, आता तर तळाला चार पट्ट्या. आम्ही बाया वळखलो, शेठ बुडाले! बोलायला लाजत्यात, पन बुडाले! म्हनलं, धंदा गेला तर जाऊ द्या, घरात खायाला तरी असू द्या. म्हनून जसा माल कमी आला तशी आम्ही भाजी वाढवली. आज तर हे डांगर घेऊन म्या सोता आले. शेठ, कंपनी बंद पडली तरी घाबरू नका. मखमलाबादमधी तुम्हाला कोन उपाशी ठेवायचं नाय!"

मला कोणावर चिडावं ते कळेना. भाजी आली म्हणून सिस्टिमने माल कमी केला. माल कमी झाला म्हणून बायकांनी भाजी वाढवली. भाजी वाढली म्हणून माल आणखी कमी. हे असंच चालू राहिलं असतं तर महिन्याभरात आमच्या शेडमधून एकही स्क्रू बाहेर पडला नसता आणि कार्यक्षमता पाचशेवर गेली असती!

आरोही मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या. मी मान वाकडी करून उलटं वाचलं. 'पुरवठादार बुडीत?'

"नाही हो मॅडम!" मी जवळजवळ ओरडलो. "मी बुडालेलो नाही! मी उत्तम आहे! ही फक्त भाजी आहे!"

मॅडमनी ते खोडलं नाही. फक्त प्रश्नचिन्हाभोवती एक गोल काढला.

 तीन वर्षांचं कंत्राट त्या गोलात अडकलं होतं, आणि माझ्या मागे चौदा माणसं उभी होती. आता काहीतरी ठाम बोलायला हवं होतं. म्हणून मी ठाम बोललो. "सिंधुबाई, जे झालं ते झालं. उद्यापासून क्रेट रिकामी पाठवायची!"

सिंधुबाईंचा चेहरा बदलला.

"रिकामी?"

"एकदम रिकामी."

"शेठ," त्या म्हणाल्या, "शेजारीन वाटीभर साखर देऊन गेली, तर तिची वाटीसुदिक आम्ही मोकळी देत नाय. ह्या क्रेटमधनं आमची रोजी येती. ती मी मोकळी माघारी लावू? आमच्या घरात काय आग लागली का?"

"मग वेगळ्या पिशवीत द्या."

"पिशवीत दिलं तर क्रेट मोकळीच गेली ना!"

हाही मुद्दा बिनतोड होता. सध्या सगळे मलाच बिनतोड मुद्दे ऐकवत होते.

"बाई, जरा समजून घ्या, काट्याला भाजी कळत नाही."

"मंग तो काटा बदला! आमची भाजी नको, तर आमचं कामबी नको. लहानू, टेम्पो वळव!"

सिंधुबाई खरोखरच जाऊन टेम्पोत बसल्या आणि समोर बघायला लागल्या. त्या बसल्या म्हणजे गल्ली बसली. स्क्रू लावायला उद्या एकही बाई मिळणार नव्हती. कंत्राट मिळालं असतं तरी पुरवायला माल नव्हता, आणि कंत्राट तर मिळतच नव्हतं!

तेव्हा आरोही मॅडम टेम्पोपाशी गेल्या. "मावशी," त्या म्हणाल्या, "एखादी हलकी वस्तू टाकली तर चालेल? एखादं लिंबू?"

"लिंबू?" सिंधुबाई दचकल्या. "शेठच्या क्रेटमधी लिंबू? बायानी करनी केली म्हनतील!"

"चिमूटभर साखर?"

"मुंग्या होतील," लहानू म्हणाला.

साई पुढे आला. "मॅडम, कॅमेरा लावू. सिस्टिमला भाज्या ओळखायला शिकवू. फक्त सहा महिने लागतील. गिलकं आणि दोडका यात ती थोडी गोंधळेल, पण शिकेल."

"आणि तोपर्यंत?"

साईने स्क्रीनकडे बघितलं. 

"मला कळत नाही," आरोही मॅडम हळू म्हणाल्या, "झाकण उघडून आत बघायला तुमच्याकडे एकही माणूस नाही?"

मी मागे वळलो. माझी चौदाच्या चौदा माणसं एकदम मशीनकडे धावली. कोणी प्रेस चालू केला, कोणी हातात पाना घेतला, एकाने तर चालू असलेला दिवा बंद करून परत लावला. लहानूला टेम्पो चालवायचा होता. साईला सिस्टिम बघायची होती. डिजिटल झाल्यापासून ज्याला काहीही काम उरलेलं नव्हतं, असा त्या शेडमध्ये एकच माणूस होता.

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. सिंधुबाईंनी टेम्पोतून डोकं काढून बघितलं.

"शेठ सोता बघनार?" त्या म्हणाल्या. "मंग काय हरकत नाय. शेठनी भाजी हातात घेतली म्हंजे आम्हाला पोचली."

कंत्राट झालं, तीन वर्षांचं! मी पेढे वाटले. मखमलाबादला पाठवलेले पेढे भरलेल्या क्रेटमधून गेले, हे वेगळं सांगायला नको. आरोही मॅडमनी पत्रात एकच अट घातली, की प्रत्येक निळी क्रेट काट्यावर ठेवण्याआधी प्रत्यक्ष डोळ्यांनी तपासली गेली पाहिजे. मंजुषालाही सगळा प्रकार कळला. "म्हणजे ती मेथी तुम्ही पाठवतच नव्हता?" एवढंच ती म्हणाली. माझ्यातली सुधारणा त्या संध्याकाळी मागे घेण्यात आली.

आता रोज दुपारी मी गेटवर स्टुलावर बसतो. क्रेट आली की झाकण उघडायचं, भाजी बाहेर काढायची आणि हिरवं बटण दाबायचं. बटण दाबलं नाही तर काटा चालत नाही. कार्यक्षमता अठ्ठ्याण्णव टक्के आहे आणि सिन्नरचे लोक खूश आहेत. आम्ही अंबडमधले सर्वांत आधुनिक कारखानदार आहोत, हे मी अजूनही सांगतो. फक्त बसल्या बसल्या सांगतो.

सिस्टिममध्ये 'मालक' असा काही प्रकार नाही, म्हणून साईने माझी नोंद 'सेन्सर क्रमांक पाच' अशी केली आहे. मी हरकत घेतली नाही. परवा मात्र ऊन जरा जास्त होतं, जेवण जड झालं होतं आणि स्टुलावर माझा डोळा लागला. जागा झालो तर मोबाईलवर सिस्टिमचा मेसेज होता. 'सेन्सर पाच प्रतिसाद देत नाही. जुना झाला असण्याची शक्यता. बदलावा.'

हा मेसेज साईला जातो, आरोही मॅडमना जातो आणि तातडीच्या वेळी लागेल म्हणून घरचा नंबर दिला होता, त्यामुळे मंजुषालाही जातो. मॅडमनी अजून काही कळवलेलं नाही. साई म्हणतो काळजी करू नका. मंजुषाने लाइक केलंय.